मोठ्या बाबूंची तूरडाळ

मलकापूरच्या कचेरीतले मोठे बाबू किसनराव निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. कोकिळाबाईंच्या वाट्याला मात्र धास्ती आली. पेढे संपायच्या आत मुलगा गणेश अकोल्याहून येऊन धडकला आणि त्याने सरळच सांगितलं की पगार बंद, पेन्शन निम्मी, दोघांचं वेगळं बिऱ्हाड काही चालायचं नाही. घर भाड्याने द्यावं आणि आपल्याकडे येऊन राहावं. पोराच्या मनात खोट नव्हती. पण बावीस वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांत, घरमालकिणीला विचारून भिंतीत खिळा ठोकत काढल्यावर कोकिळाबाईंना हे घर मिळालं होतं. ते सोडायला त्या तयार नव्हत्या.

त्यांनी पैज लावली. "बँकेत ठेवलेल्या निवृत्तीच्या पैशाले आखाजीपर्यंत हात लागला, त मी मुकाट्यानं अकोल्याले येईन. नाही लागला, त हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सहा महिन्यांवर होती. कोकिळाबाईंनी कंबर कसली. दूध कमी केलं, भाजी बाजार उठता उठता घेतली, केबल बंद केली. तरी नोव्हेंबर कसाबसा निघाला, आणि डिसेंबरात तर वीस तारखेलाच हात आखडला. भिशीचे साठवलेले पैसे काढून त्यांनी महिना रेटला. आता पुढच्या महिन्यात बँकेशिवाय इलाज नव्हता, आणि पैसा नेमका कुठे गळतोय ते काही उमजत नव्हतं.

उमजलं ते बाजारातून येताना. कचेरीसमोर कचरूची चहाची टपरी. तिथे इस्त्रीचा शर्ट घातलेले किसनराव मधोमध उभे, भोवती दहा-बारा कारकून आणि शिपाई, प्रत्येकाच्या हातात कप आणि भजी. पैसे देत होते अर्थातच किसनराव. मोठ्या बाबूने हाताखालच्या माणसाला खिशात हात घालू द्यायचा नाही, हा चौतीस वर्षांचा नेम. नोकरी सुटली, नेम सुटला नव्हता. रोज सकाळी दहाला 'जरा जाऊन येतो' म्हणून निघणाऱ्या मोटारसायकलीचं पेट्रोल, रोजची इस्त्री आणि या सगळ्या वऱ्हाडाचा चहा, दोनदा. इकडे बायको मेथीच्या जुडीमागे दोन रुपये वाचवतेय!

कोकिळाबाई रागाने लालबुंद झाल्या. चार गोष्टी सुनवायला त्या पुढे निघाल्या आणि थबकल्या. चहा संपला, कारकून आपापल्या खुर्च्यांवर गेले, आणि किसनराव रिकामा कप धरून एकटेच कचेरीच्या दाराकडे बघत राहिले. दहा वाजता कुठे जायचं, हेच त्या माणसाला कळत नव्हतं. कोकिळाबाईंचा राग ओसरला. त्या तशाच घरी परतल्या.

घरी येऊन त्यांनी पिंपळगाव राजा या गावी राहणाऱ्या आपल्या भावाला, जानरावला, फोन केला आणि नवी तूर निघाल्याबरोबर एक क्विंटल उधारीवर पाठवायला सांगितली. आजवर त्या डाळ दुकानातून किलोकिलोने आणत. घरची डाळ करायची तर तुरीला तेल-पाणी चोळून ती झाकून ठेवायची, मग दिवसेंदिवस गच्चीवर वाळवायची, पाखरं हाकलायची, तासातासाने हात फिरवायचा, आणि मग जात्यावर भरडायची. नोकरीवाल्या घरात एवढी सवड कोणाला?

"उद्या दहाले गच्चीवर या," तूर घरात येऊन पडली त्या संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्याबिगर हे काम होत नाही."

किसनरावांनी आढेवेढे घेतले. लोक पाहतील, म्हणाले. पण तुमच्याबिगर हा शब्द नेमका बसला होता. पहिल्या दिवशी ते शर्ट-पँट घालूनच वर बसले. चौथ्या दिवशी बनियन आणि डोक्याला रुमाल. आठवड्याभरात जुनी तूर, नवी तूर, ओल, ऊन यांवर ते बायकोलाच सूचना देऊ लागले. मोटारसायकल जिन्याखाली धूळ खात पडली, आणि पेट्रोल-चहाचा खर्च थांबल्याने जानेवारी बँकेशिवाय निघाला.

मग एक दिवस त्यांच्या हाताखालचे उत्तमराव चौकशीला आले आणि थेट गच्चीवर चढले. कोकिळाबाई घाईने मागोमाग वर आल्या. मोठे बाबू लाजले, की सगळं मुसळ केरात.

"उत्तमराव, चप्पल खाली काढा," किसनराव तिथूनच कडाडले. "डाळ हाये ही."

तोच कचेरीतला आवाज! उत्तमराव निमूट उतरून चप्पल काढून आले. त्यांनी मूठभर डाळ हातात घेऊन पाहिली, आणि मग हळूच विचारलं, "साहेब, आमची दोन कट्टे तूर घरी पडून हाये. आमी दोघंही नोकरीले जातो. कराल काय तुमी?"

त्या दोन पोत्यांची मजुरी डाळीतच ठरली. उत्तमरावांमागून अर्धी कचेरी आली. वर्षाची डाळ कोठीत पडून वर इतकी उरली, की ती विकून जानरावची उधारी फिटली आणि फेब्रुवारीपासूनचा किराणाही तिच्यावरच निघू लागला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गणेश बायकोला, काजलला, घेऊन आला तो सामान न्यायला टेम्पो ठरवूनच. कोकिळाबाईंनी त्याला आधी पुरणपोळी वाढली, मग बँकेतल्या ठेवीची पावती पुढ्यात ठेवली. पोराने ती उलटसुलट पाहिली. पैशाला हात लागला नव्हता. मग त्यांनी कोठी उघडली.

"आई, हे कसं काय केलं?"

"मी नाही. तुह्या बाबांनी."

गणेश हसला आणि हरलो म्हणाला. टेम्पोचं भाडं मात्र आगाऊ दिलं होतं.

"मंग रिकामा कायले पाठवतं?" कोकिळाबाई म्हणाल्या. "काजलच्या शेजारणींनी डाळ सांगितली हाये, पाच कट्टे टाक त्याच्यात. पैसे मोजून घेजो."

पोती टेम्पोत चढली, तेवढ्यात शाल-नारळासोबत आलेल्या घड्याळाने दहाचे ठोके दिले. किसनराव लगबगीने उठले, डोक्याला रुमाल बांधला आणि उशीर झाल्यासारखे जिना चढू लागले. कोकिळाबाईंनी डाळीने भरलेला टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाहिला, मग आपल्या घराचं फाटक आपल्या हाताने लावून घेतलं.