पाळण्यातली मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पण एवढ्यावरून मला तुमच्या मामाच्या लग्नात वाजलेल्या टेपरेकॉर्डरच्या पंगतीला बसवू नका. तो गाणी वाजवतो. मी गाणी भरून घेतो, आणि तीही चार वेगवेगळ्या पदरांवर. एकावर गळा, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर ढोलकी आणि चौथ्यावर वाटलं तर काहीच नाही. दुकानदार या पदरांना ट्रॅक म्हणतात. मला मात्र पदर म्हणायला आवडतं, कारण जिच्यामुळे माझ्या जन्माचं सार्थक झालं, ती बाई तसंच म्हणायची.

माझा जन्म जपानातला. लहानपणाचं फारसं आठवत नाही. पातळ हातमोजे घातलेली बोटं, डोक्यावर एक पांढरा दिवा आणि तपासणीसाठी माझ्यात सोडलेला एकच लांब सूर, एवढंच काय ते. मग खोक्यात डोळे मिटले ते बोटीच्या पोटात मिटलेलेच राहिले, आणि उघडले ते मिरजेत, चिंतामणरावांच्या दुकानात. दुकान सतारी करणाऱ्यांच्या गल्लीला लागून होतं. शेजारी दिवसभर तंबोरे जुळवले जायचे. त्या गुंजनाने मला गुंगी यायची. आपण जागे आहोत की स्वप्नात, हेही कळेनासं व्हायचं. बोटीच्या पोटातला तो काळोख आणि तंबोऱ्याचा षड्ज माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले ते आजही वेगळे होत नाहीत.

गिऱ्हाईक मात्र माझ्याकडे ढुंकून बघत नसे. मला ना लाल-हिरवे दिवे, ना मोठे स्पीकर. कुणी हौसेने सिनेमाची कॅसेट माझ्यात घातलीच, तर मी दोन्ही बाजू एकदम वाजवायचो, त्यातली एक उलटी. "अहो, यात भुतं बोलतात!" म्हणून एक बाई पोराला घेऊन दुकानातून पळाल्या होत्या. चिंतामणरावांनी मला वरच्या फळीवर ठेवलं आणि मी पुन्हा पेंगायला लागलो.

ते साल त्र्याण्णव असावं. एके दुपारी पलूसचा कृष्णात आईला घेऊन दुकानात आला. कृष्णात फौजेत होता, सिग्नलमध्ये, म्हणजे तारा आणि वायरलेसच्या कामावर, हवालदार. आई लीलाबाई स्टुलावर टेकल्या. डोक्यावरून पदर, हातात दवाखान्याची पिशवी. मिरजेला येणारी निम्मी माणसं दवाखान्यासाठीच येतात, त्यामुळे चिंतामणरावांनी काही विचारलं नाही. कृष्णातनेच हळू आवाजात सांगितलं.

"आईच्या गळ्यात गाठ हाय. पंधरवड्यानं आपरेशन. डाक्टर म्हनत्यात जीव वाचंल, पर आवाज जानार. कुजबुजल्यागत बोलाय यील तेवढंच. गानं न्हाई."

आणि गाणं म्हणजे लीलाबाईंचं सगळं काही होतं, बरं का मित्रांनो. पलूसमध्ये कुणाच्याही घरी बारसं असलं, की पाळणा म्हणायला त्यांनाच बोलावणं जायचं. गावातली तरणीताठी पोरं त्यांच्या आवाजात नाव घेऊन मोठी झालेली. आता त्यांच्याच घरात पहिलं नातवंड यायचं होतं. कृष्णातच्या बायकोला, अंजनाला, सातवा महिना लागला होता. म्हणजे गावभरच्या लेकरांना पाळणा मिळाला आणि स्वतःच्या नातवंडापुरता गळा उरला नाही. कृष्णातने ठरवलं, की पाळणा आधीच भरून ठेवायचा.

तो थेट दिवेवाल्या मोठ्या यंत्राकडे गेला. "ह्यो कसा?"

"देखणा आहे हवालदारसाहेब," चिंतामणराव म्हणाले, "पण आवाज स्वतःच्या मर्जीने कमीजास्त करतो. आई थांबल्या, की बाहेरची खुडबुड ओढून मोठी करेल. आईंनी वरचा सूर लावला, की त्यांनाच दाबेल."

कृष्णातने भरून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या दोन शब्दांच्या मध्ये शेजारच्या कारागिराची कानस हत्तीएवढी होऊन बसली. त्याने तोंड वाकडं केलं. मग आठ माइक लावायचा एक लांबलचक मिक्सर पाहिला. त्यावरची बटणं मोजता मोजता तो दमला. घरात गाणारी एक, आठ माइकांपुढे बसवायचं कुणाला? तेवढ्यात लीलाबाई बोलल्या. आवाज बसलेला होता, पण त्या खरखरीखाली काहीतरी गोड होतं. फळीवर माझी झोप उडाली ती त्या आवाजाने.

"आरं किसनू, यंत्र कसलं बी घे. पर पाळण्यात बाळाचं नाव घ्यावं लागतंय. बाळ अजून पोटात. नाव कुठनं आनू?"

चिंतामणरावांनी दुसरं स्टूल ओढलं, मला खाली काढलं आणि धोतराच्या सोग्याने माझी धूळ पुसली. "हा न्या. यात चार ट्रॅक आहेत. आई एका ट्रॅकवर पाळणा म्हणतील, नावाची जागा मोकळी सोडतील. बारशाला नाव ठेवलंत, की ते दुसऱ्या ट्रॅकवर भरायचं. वाजवताना दोन्ही एकदम वाजतील. आणि आवाजाचं बटण हाताने फिरवायचं, हा स्वतः काही शहाणपणा करत नाही."

माझं इतकं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मला अगदी लाजल्यासारखं झालं.

"म्हंजी चार पदरी हाय म्हना," लीलाबाई म्हणाल्या. "आन नाव कोन घ्यायचं?"

"दीपा घील की," कृष्णात म्हणाला. दीपमाला त्याची धाकटी बहीण, साताऱ्याला दिलेली. नाव ठेवायचा मान आत्याचाच.

"व्हय, तिचाच मान," लीलाबाई म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या. मला वाटतं, बाकी सगळा पाळणा गेला तरी चाललं असतं, पण तेवढा एक शब्द त्यांना स्वतःच्या तोंडून हवा होता. ते त्या बोलल्या नाहीत. आम्हा यंत्रांना न बोललेलंही थोडं ऐकू येतं.

पलूसला त्यांच्या घरी मी खोलीतल्या चौरंगावर बसलो. कृष्णातने खिडकीला वाकळ बांधली, कोंबड्या हाकलल्या, शेजारच्या मळ्यात निरोप धाडून मोटार बंद करायला लावली. तुळईला घरचा लाकडी पाळणा टांगला. माइक लावला, हेडफोन चढवला आणि सीमेवरून बोलत असल्यासारखा हात वर करून इशारा केला. लीलाबाईंनी दोरी हातात घेतली आणि सोडून दिली.

"मी न्हाई म्हननार."

"आता काय झालं, आई?"

"रिकामा पाळना हालवू न्हाई. आन पोटातल्या बाळाच्या नावानं पाळना म्हनायचा? इपरीत बोलावू नगंस मला."

हवालदाराने बर्फातल्या तारा जोडल्या असतील, पण आता तो नुसता हेडफोन काढून उभा राहिला. तो आईकडे बघे, माझ्याकडे बघे. अंजना दारात उभी होती. ती जपून जपून स्वयंपाकघरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. तो धुतलेला होता आणि त्याला बाळाची कुंची घातली होती. तुम्ही बारशाला गेला असाल तर पाहिलं असेल, बाळाच्या आधी वरवंट्यालाच गोपा म्हणून पाळण्यात घालतात.

"आवं आई, ह्यो गोपा हाय की. त्याच्यासाठी म्हना. त्याला कसली आलीया दृष्ट?"

लीलाबाई हसल्या. वरवंट्याची कुंची सारखी केली, त्याला पाळण्यात निजवलं आणि दोरी ओढली.

मित्रांनो, त्यानंतरचं मला नीट सांगता यायचं नाही. माझ्यातली तपकिरी फीत फिरत होती आणि तिच्यावर तो आवाज उतरत होता. पाळण्याची कडी कुरकुरत होती. कृष्णाकाठचा ऊस, चांदण्यातली वाट, झोपेला आलेली गाय असं काय काय त्या गाण्यात येत होतं. मी कुठे आहे तेच विसरलो. नावाच्या जागी त्या गप्प झाल्या, दोन झोके तसेच जाऊ दिले आणि पुढची ओळ उचलली.

कृष्णातने वाजवून ऐकलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "खरखर यायला लागलीया." त्याने स्पिरिटमध्ये कापूस बुडवून माझं फितीला टेकणारं हेड पुसलं. पुन्हा भरलं. खरखर होतीच. वायर बदलली. दुसऱ्या खोलीतून वीज घेतली. फौजेत त्याला हेच शिकवलं होतं, की तारेतली खरखर शोधायची आणि काढून टाकायची. मला कळत होतं, पण मी सांगणार कसा? शेवटी लीलाबाईंनीच त्याच्या हातातला कापूस काढून घेतला.

"किसनू, ती खरखर तुज्या मिशिनीची न्हाई, बाळा. माज्या गळ्याची हाय."

कृष्णात खाली बसला आणि त्याने तोंड फिरवून घेतलं. अंजनाने डोळ्यांना पदर लावला. मलाही त्या वेळी फार वाईट वाटलं.

"ऱ्हाऊ दे तशीच," लीलाबाई म्हणाल्या. "पोराला कळू दे, आजी कशी हुती." आणि त्यांनी परत एकदा, शेवटचा, पाळणा म्हटला. तोच आजवर माझ्याकडे आहे.

पुढे ऑपरेशन झालं. कृष्णातची रजा संपली. अंजना बाळंतपणाला वडूजला माहेरी गेली. माझ्यावर एक भरतकामाचा रुमाल पडला आणि घर गप्प झालं. लीलाबाई बऱ्या होऊन आल्या, पण बोलत नव्हत्या. कुजबुजता येत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. त्यांनी ते केलं नाही. कुणाला हाक मारायची तर टाळी वाजवायच्या. गावात बारसं असलं की दार लावून घ्यायच्या. दुपारच्या वेळी त्या कधी कधी रुमालावरून माझ्यावर हात फिरवायच्या आणि बटण न दाबताच उठून जायच्या. मी रुमालाखाली पेंगत राहायचो. स्वप्नात तो पाळणा झुलायचा आणि त्याच जागी येऊन थांबायचा.

बाळ झालं. मुलगी. सव्वा महिन्याने ती पलूसला आली आणि बारसं ठरलं. कृष्णात पुन्हा रजेवर आला, साताऱ्याहून दीपमाला आली. खोली बायकांनी भरून गेली. घुगऱ्यांचा वास, बांगड्यांचा आवाज, एकमेकींच्या पाठीवर थापा. लीलाबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. कृष्णातने माझा रुमाल काढला, चौथ्या पदराला माइक लावला, तो दीपमालाच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

लीलाबाईंचा आवाज खोलीत पसरला. एका म्हाताऱ्या बाईने तोंडात लुगड्याचा बोळा धरला. ऊस आला, चांदणं आलं, गाय आली. मग ती मोकळी जागा आली. पहिला झोका गेला, दुसरा गेला. दीपमालाने माइक तोंडाशी नेला होता. तिने नाव घेतलंच नाही.

"दादा, थांबिव," ती म्हणाली. मी थांबलो.

ती आईपाशी गेली. "आई, नाव तू सांग."

लीलाबाईंनी गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

"अगं, बाळाच्या कानातच सांगायचं असतंय की! आजपातूर कुठली आत्या वरडून नाव सांगतीया? कानात सांगाय गळा कशाला लागतोय?"

साधी गोष्ट, पण इतक्या महिन्यांत ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. लीलाबाई उठल्या. पाळण्यावर वाकल्या. कृष्णातने फीत मोकळ्या जागेवर मागे आणून मला सुरू केलं, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि धावत जाऊन माइक पुढे केला. बाळ मूठ चोखत होतं. लीलाबाईंचे ओठ त्याच्या कानाला लागले आणि हलले. बाळाने मूठ सोडली आणि आवाज आला त्या दिशेला मान वळवली. त्याच वेळी आवाज मोजणारा माझा काटा केसभर वर गेला आणि नाव चौथ्या पदरावर उतरलं.

बायकांनी आत्याला सोडून आजीच्याच पाठीत धपाटे घातले. "काय नाव? काय नाव ठिवलं?" एकच गलका. कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. आता सांगणं भाग होतं. लीलाबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांची पहिली कुजबुज गलक्यात बुडाली. मग कुणीतरी "गप गं, गप" म्हणालं. बांगड्या थांबल्या, पोरांची तोंडं दाबली गेली, खोलीतल्या सगळ्या बायका पुढे वाकल्या.

"मयूरी," लीलाबाई म्हणाल्या.

"मयूरी हाय म्हनं," पहिल्या रांगेने मागच्या रांगेला सांगितलं आणि नाव दारापर्यंत गेलं. त्या दिवसापासून लीलाबाई बोलायला लागल्या.

मयूरी आता बालवाडीत जाते. आजीला एवढाच आवाज असतो असं तिला वाटतं, आणि आजीला काही सांगायचं असलं की ती खेळ टाकून मांडीवर चढते. माझे रबरी पट्टे सैल झालेत, फीत मधूनच गोता खाते. कृष्णातने त्या कॅसेटच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकल्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जायचं नाही. मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट असेल तर तुम्हीही तेवढं करा, आणि माझ्यासारखं जुनं खोकं भंगारात देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा ऐका. पण त्याहून मोठी विनंती दुसरीच आहे. घरात कुणाचा आवाज बारीक झाला असेल, तर लांबून "काय म्हणालात?" असं ओरडून विचारू नका. उठा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा.