सुंदराक्कांचे पारणे

पणजी गोदूबाई, आजी राधूबाई आणि आई सोनाबाई. कोरेगावच्या या तिन्ही बायका कुणाच्या घरी जेवल्या, तर त्या घरातल्या माणसांना आपल्या पंक्तीला बसवल्याखेरीज स्वस्थ राहिल्या नाहीत. चौथी विजयमाला. तिच्यावर मात्र सुंदराक्कांच्या अन्नाचे ऋण कैक वर्षे तसेच बसून होते.

महापुरात कृष्णेचे पाणी विजयमालाबाईंच्या सांगलीतल्या नदीकाठच्या घरात छपरापर्यंत चढले होते. त्या वेळी हळदीचे व्यापारी तवनाप्पा यांनी त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला, सुभेदार आकारामांना, आपल्या विश्रामबागेतल्या घरी आणले. पाणी उतरेपर्यंत तवनाप्पांच्या पत्नीने, म्हणजे सुंदराक्कांनी, दोघांना दिवस मावळायच्या आत गरम जेवण वाढले. पुढे तवनाप्पा वारले. आकारामांनी नदीकाठची जागा विकून अक्कांच्या कुंपणाला लागूनच घर बांधले. शेजार झाला, पण अक्का एकदाही जेवायला आल्या नाहीत. अक्का जैन आणि विजयमालाबाईंच्या घरात मासे शिजत. "आज उपास हाय, वैनी," एवढेच त्या हसून म्हणत.

आकारामांनी सैन्यानंतर साखर कारखान्यावर नोकरी केली होती. गेल्या दिवाळीत तीही संपली. तेव्हापासून सकाळी बाग आणि दुपारी नदीवर गळ, हा त्यांचा दिनक्रम ठरला. त्याच दिवाळीत पुण्याहून मुलाच्या, विश्वजीतच्या, शुभेच्छा मोबाईलवर आल्या; पणत्यांचे चित्र होते. विजयमालाबाईंनी ते चित्र पाहून फोन उपडा ठेवला. शुभेच्छा ताटात घालून द्यायच्या असतात, असे त्यांचे मत. त्यांनी नव्या कढईत, नव्या तेलात फराळ केला आणि अक्कांकडे डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी अक्कांची कामवाली शालूबाई तोच डबा काखेत घालून आपल्या घरी निघालेली त्यांना दिसली.

अन्न चालत नाही, तर फुले चालतील. अक्का रोज मंदिरात पूजेला जात. विजयमालाबाईंनी दुसऱ्याच सकाळपासून परडी भरून फुले पाठवायला सुरुवात केली. हिवाळ्यात शेवंती, उन्हाळ्यात मोगरा, आषाढापासून गुलाब. शालूबाई परडी घेऊन जाई आणि रिकामी आणून देई. देणे हळूहळू फिटते आहे, असे विजयमालाबाईंना वाटू लागले. आकारामांची बागही त्या वर्षी अशी काही फुलली, की रस्त्याने जाणारे थांबून बघत.

भाद्रपदात जैनांचे दशलक्षण पर्व लागले. एका सकाळी परडी घेऊन विजयमालाबाई बागेत आल्या, तर मुंगसाने गुलाबाचे आळे उकरून ठेवले होते. मातीवर माशांची मुंडकी पडली होती.

"आवं, हिकडं या! हे काय पुरलंय?"

"खत," आकाराम म्हणाले.

"कसलं खत?"

"मुंडकी, आतडी, खवलं. वाया कशाला घालवायची? दिवाळीपासनं एक आळं मोकळं ठेवलं न्हाई मी. उगाच फुलत्यात व्हय गुलाब?"

"त्या गुलाबानं अक्का देवाची पूजा करत्यात!"

"फुलाला माशाचा वास येतोय का? न्हाई ना? मग!"

"तुमच्या अकलेला येतोय."

तेवढ्यात शालूबाई फाटकाशी आली. तिला तिथून काही दिसत नव्हते. आळ्यावर चार ढेकळे लोटली असती, तर हा प्रकार जन्मात कुणाला कळला नसता. विजयमालाबाई क्षणभर मातीकडे बघत राहिल्या.

"आज फुलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "मीच येते, सांग अक्कांना."

त्या अक्कांच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत या म्हटले तरी गेल्या नाहीत. जे होते ते त्यांनी सांगितले. नवऱ्यावर ढकलले नाही.

"बाग माझी हाय. मुळाशी काय जातंय ते मी बघायला पायजे हुतं."

अक्कांनी विचारले, "कुणी बघितलं हुतं?"

"न्हाई."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुमच्या घरचं जेवलीय मी."

अक्कांनी मान खाली घातली आणि दार लोटले.

घरी येऊन विजयमालाबाईंनी हुकूम सोडला. सगळी आळी उकरायची, माती गावाबाहेर टाकायची. मासे घाटावरच साफ करायचे. घाण घरी आली, तर गळ नदीत जाईल. सुभेदारांनी भर उन्हात एकट्याने बाग खणली. "पाकिस्ताननं धरलं न्हाई, मुंगसानं धरलं गड्या," असे ते खोऱ्यालाच सांगत होते.

शालूबाई यायची बंद झाली. पूजेला तसली फुले वाहिल्याचे प्रायश्चित्त म्हणून अक्कांनी त्या दिवसापासून अन्न सोडले आहे आणि पर्व संपेपर्यंत पाण्यावरच राहणार आहेत, हे वाण्याच्या दुकानात कळले. वर्षभराची फुले फुकट गेली होती, आणि वर हा उपास. विश्वजीतचा फोन आला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून केरळला जाऊ म्हणाला.

"आधी हितलं मिटू दे," विजयमालाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई दारात उभी.

"अक्कांनी बोलावलंय. डोक्यावरनं आंघोळ करून या म्हणाल्यात."

अक्कांच्या घरी जयसिंगपूरहून त्यांची लेक दीपाली आली होती. आईचा उपास सोडवायचा मान लेकीचा. तिने मूगही निवडून ठेवले होते. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता.

"दीपाली, सरक. पारणं वैनी करतील."

"अगं आई, मी एवढ्या लांबनं आले ती कशाला?"

"बघायला." अक्का विजयमालाबाईंकडे वळल्या. "भांडी माझी, पाणी माझं, हात तुमचा. हात खरं सांगून आलाय, मला चालतोय."

विजयमालाबाईंनी पदर खोचला. फडक्यातून पाणी गाळले आणि पुन्हा गाळले.

"काकू, दोनदा झालं गाळून," दीपाली फुरंगटून म्हणाली.

"तिसऱ्यांदाबी गाळीन. तू वाटी आण."

मूग मऊ शिजवून त्यांनी त्याचे कढण केले, चवीपुरते मीठ घातले आणि वाटी अक्कांपुढे ठेवली. अक्कांनी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. मग घोट घोट करून सगळे कढण संपवले. वाटीत थोडे पाणी ओतून ती खळबळली आणि तेही प्यायल्या.

"पुरातलं फिटलं, वैनी," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याकडं काय ऱ्हायलं न्हाई माझं."

विजयमालाबाईंनी वाटी उचलली. ती लख्ख रिकामी होती.