शेहेचाळीस दात्यांचा देव

“एक येळ ह्यांच्या हाती तिजोरीची किल्ली दे, पर पाना देऊ नगंस,” सासूबाईंनी, म्हणजे मल्लम्मांनी, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात प्रणिताला सासऱ्यांबद्दल बजावलं होतं. प्रणिता तेव्हा हसली होती. ती बीएस्सी झालेली. घरातल्या माणसाने चार नट फिरवले तर त्यात घाबरायचं काय, असं तिला वाटलं होतं.

आता पाच वर्षांनी ती स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून पोह्यांच्या डब्यात बेअरिंगची गोळी शोधत होती.

“अप्पा, किती होत्या एकूण?”

“एकवीस,” सासऱ्यांनी, रुद्रप्पांनी, पडवीतून उत्तर दिलं.

“इथं वीसच आहेत.”

“मग एक लेकराच्या पोटात गेली असंल. जाऊ दे, गुळगुळीत हाय. आपसूक येतीय.”

 प्रणिताने दोन वर्षांच्या रुद्राणीला उचललं, तोंडात बोट फिरवलं, उलटं धरून हलवलं. रुद्राणीला हा खेळ फार आवडला. पुढचे दोन दिवस प्रणिताने पोरीच्या शी-शूची अशी तपासणी केली की कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तिने इतकं लक्ष घातलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी धुण्यात अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात एकविसावी गोळी खुळखुळली.

“हितं व्हय!” अप्पा म्हणाले. “म्हनलं कावून सापडंना.”

तिला रडू की हसू कळेना. पण ती रागावली नाही, कारण अप्पा पुन्हा बोलायला लागले होते. पुरं एक वाक्य, शिवाय पुढे आणखी एक.

दीड वर्षापूर्वी, श्रावणात, मल्लम्मा गेल्या आणि चौसाळ्याच्या दुकानात चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून गप्पा ठोकणारा हा माणूस मुका झाला. दुकान मुलाच्या, संगमेशच्या, अंगावर टाकून अप्पा पाण्याच्या टाकीकडे तोंड करून खुर्चीत बसत. ‘चहा’, ‘नको’, ‘बरं’, ‘झोपतो’ एवढ्या चार शब्दांत त्यांचा दिवस मावळायचा. मग एके सकाळी त्यांनी मागच्या पत्र्याखालून येझदी मोटारसायकल ओढून काढली. हिच्यावर मागे मल्लम्मांना बसवून ते दरसाल कपिलधारच्या जत्रेला जायचे. दुपारपर्यंत ती गाडी अंगणभर पसरली. टाकी तुळशीपाशी, चाक न्हाणीत, गिअरचं सामान परातीत. संगमेशने कपाळाला हात लावला, पण प्रणिताने त्याला गप्प केलं. अप्पा जेवायला दोनदा मागत होते.

सगळं जुळत आलं आणि मागच्या चाकाच्या चेन-स्प्रॉकेटवर, चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रावर, घोडं अडलं. शेहेचाळीस दात्यांचं ते चक्र इतकं झिजलं होतं की दाते माशाच्या गळासारखे वाकले होते. त्यावर नवी चेन चढवली तरी उड्या मारणार. प्रणिताने मोबाईलवरून एक मागवलं. ते आलं, पण त्याची भोकं भलतीकडेच. “पोळपाटाखाली ठिव,” अप्पा म्हणाले. बीडचा जुना मेकॅनिक आसाराम तर हसलाच. “अप्पा, ह्ये आता कुठं गावतंय? घाटनांदूरला त्रिंबक मिस्त्री व्हता, त्याच्याकडं येझदीचा माल असायचा. बगा, असंल तर.”

त्या आठवड्यात अप्पा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. टाकीकडे तोंड. दुपारचा चहा तसाच गार झाला. प्रणिताने तो बेसिनमध्ये ओतला. हे चक्र मिळालं नाही तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिने झिजलेलं चक्र पिशवीत घातलं. तापाचं औषध, थर्मास, दोन जोड कपडे, पट्टी, मिठाची पुडी घेतली. काखेत रुद्राणी आणि पुढे अप्पा, अशी ती एसटीत चढली.

“येवढं सामान? काशीला निघालो का?” अप्पांनी विचारलं.

“असू द्या, अप्पा. लागतं.”

अंबाजोगाईला गाडी बदलून ते घाटनांदूरला पोचले, तेव्हा त्रिंबक मिस्त्रींच्या दारात एक म्हातारी तूर पाखडत बसली होती. ती मिस्त्रींची बायको, भिवराबाई.

“मिस्त्री जाऊन नऊ वर्सं झाली,” ती म्हणाली. “सामान भंगारवाल्यानं नेलं. लेक-सून ऊसतोडीला कर्नाटकात गेलीत. तुमी कोन गावचं?”

अप्पा ओट्यावर मटकन बसले. प्रणिताने लेकरासाठी पाणी मागितलं आणि भिवराबाईच्या मागोमाग ती आत गेली. आत जाऊन सगळीकडे नजर टाकायची तिची सवयच. चूल कुठे, विळी कुठे, पोरीच्या हाताला काय लागेल. तशी नजर फिरवताना ती देव्हाऱ्यावर थबकली. खंडोबाच्या टाकाशेजारी हळदीने माखलेलं काहीतरी गोल उभं होतं. त्याच्या दात्यादात्यात झेंडूची पाकळी खोचलेली.

“अप्पा! आत या!”

अप्पा आले. चष्मा पुसला. पुन्हा लावला.

“ह्ये तर येझदीचं स्पॉकेट!”

“जिभंला हाड हाय का?” भिवराबाई कडाडली. “चाकोबा हाय त्यो!”

मग कळलं ते असं. शेवटच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली. पाने, हातोडे, विकायचा राहिलेला हा एक माल. दसऱ्याच्या पहाटे, पूजा उचलायच्या आधीच, ते गेले. तेराव्यापर्यंत कुणी हात लावला नाही. मग भंगारवाला आला, तेव्हा अर्धवट पूजा मोडायला नको म्हणून तिने एवढं एक बाजूला काढून देवात ठेवलं. पुढच्या साली शेजारणींनी हळदीकुंकू वाहिलं. कुणाची आटलेली म्हैस ह्याच्या अंगाऱ्याने पान्हावली. तेव्हापासून आळीत कुणी नवी गाडी आणली की पहिला नारळ चाकोबाला.

“बाई, देव न्हाई त्यो,” अप्पा म्हणाले. “कोरा माल हाय. एकदा बी चेन लागली न्हाई त्येला.”

“आन तुमच्या गळ्यातलं त्ये नुस्ता दगूड हाय आसं मी म्हनू का?”

अप्पांचा हात सदऱ्यावरून छातीवरच्या इष्टलिंगावर गेला.  प्रणिता मनात म्हणाली, संपलं. आता परतीच्या गाडीत ‘नको’ आणि ‘बरं’.

पण अप्पा उंबऱ्यावर टेकले आणि हळूच म्हणाले, “मिस्त्रींनी काठी कानाला लावून माझं इंजिन ऐकलं व्हतं.”

“काठी कुठली! लांब स्क्रूडायव्हर असायचा. शेवटपतूर कानामागं काळा डाग व्हता त्यांच्या.” भिवराबाईने सूप खाली ठेवलं. “तुमी वळखत व्हता?”

“एकदाच भेट झाली. कपिलधारच्या जत्रंला चाललो व्हतो, मागं आमची मल्लम्मा. मांजरसुंब्याच्या घाटात चेन तुटली. सायकलवरचा एक मानूस उतरला, घाटनांदूरचा त्रिंबक मिस्त्री म्हनून नाव सांगितलं. तुटकी कडी काढली, चाक पुढं घेतलं, चेन जोडली. म्हनलं काय देऊ? तर म्हनला, वैनींच्या फडक्यातली भाकरी द्या.”

“कशाची भाकर व्हती?”

“जवारीची. वर शेंगाची चटणी.”

“चटणी लई आवडायची त्यांला. आन मग?”

मग अप्पा बोलत राहिले. मिस्त्रींनी हात कसे मातीने घासले, मल्लम्मांना ‘अप्पाला हळू चालवायला सांगा’ कसं बजावलं, मल्लम्मा वरपर्यंत कशा त्याच वाक्यावर हसत होत्या. थांबले की भिवराबाई म्हणे, “आन मग?” भाकरीची गोष्ट तर तिने तीनदा सांगायला लावली. तिसऱ्या वेळी भाकरीच्या दोन भाकरी झाल्या. प्रणिताच्या मांडीवर रुद्राणी झोपून गेली. दीड वर्षात ह्या माणसाने बायकोचं नाव उच्चारलं नव्हतं, आणि आज एका तासात किती वेळा.

भिवराबाई उठली. हातपाय धुतले, दिवा लावला, पाकळ्या काढल्या आणि पदराने पुसत चक्र अप्पांच्या ओंजळीत दिलं.

“न्या. लई दिस बसून खाल्लं ह्येनं. मिस्त्रीला रिकामं बसल्यालं खपत न्हवतं.”

“आन आळीला काय सांगसाल?”

“सांगते, देव कामावर गेलाय म्हनून.”

अप्पांनी पिशवीतलं जुनं चक्र काढलं. “ह्ये झिजलंय, पर...”

तिने त्याच्या वाकड्या दात्यांवरून अंगठा फिरवला. “काम करून झिजलाय न्हवं? मग चालतंय,” म्हणत तिने त्याला देव्हाऱ्यात टेकवलं. निघताना एका चिठोऱ्यावर प्रणिताला फोन नंबर दिला. “गाडी चालू झाली की आवाज ऐकवा, लेकी.”

गाडी गेल्या गुरुवारी सुरू झाली. अंगणभर निळा धूर. शेजारच्यांना वाटलं गोठा पेटला. प्रणिताने अटी घातल्या: हेल्मेट, फाट्यापर्यंतच, आणि डबल सीट कुणाला घ्यायचं नाही. “कुनाला घेनार हाय?” अप्पा म्हणाले, आणि मागच्या सीटवरची धूळ हाताने नीट पुसून निघाले.

प्रणिताने लगेच घाटनांदूरला फोन लावला. लागला नाही. संध्याकाळी लावला, शुक्रवारी लावला, आज मंगळवार आहे. अप्पा म्हणतात, चार्जिंग नसंल. संगमेश म्हणतो, तू उगाच काळजी करतेस. रुद्राणीच्या अंगात ताप आहे, म्हणून घर सोडता येत नाही. रविवारी ती जाणारच आहे, पण रविवारला अजून पाच दिवस आहेत, आणि म्हातारीचे लेक-सून तिकडे उसाच्या फडात.

म्हणून तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्यापैकी कुणी घाटनांदूरच्या बाजूला जाणार असेल, तर त्रिंबक मिस्त्रींचं घर विचारा, कुणीही दाखवेल. दार लोटलेलं दिसलं तरी परतू नका. हाक मारा. ओ आली नाही तर आत जाऊन बघा. आणि म्हातारी बसलेली असेल तर तिच्याजवळ घटकाभर बसा, तिला सांगा की गाडी सुरू झाली.