लाभाचं माप

१९९२ साली घडलेली ही गोष्ट. माझा धाकटा भाऊ भुजंग पुण्याहून संगणक शिकून आला होता आणि परभणीत मोंढ्याजवळ त्यानं क्लास काढला होता. पूर्णेला डोळ्यांचं मोफत शिबिर ठरलं, तेव्हा रुग्णांना नंबर द्यायला तो आपलं यंत्र घेऊन गेला. मी चहापाण्याच्या मदतीला होते.

सकाळी त्यानं मला प्रोग्राम दाखवला. "अक्का, यात आकडे आधी भरून ठेवलेले नाहीत. बटण दाबलं की पुढचा तयार होतो. आपण कुठवर आलो, एवढंच यंत्राला आठवतं. दिलेला आकडा ते परत देत नाही."

"आणि लाईट गेली तर?"

"मग तू जप सुरू कर," तो हसला.

सगळ्यांच्या आधी पिंगळीची झुंबरबाई येऊन बसली होती. काचबिंदूनं तिचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यात कळा येत होत्या. आता उशीर केला तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोबत नवरा आश्रुबा, मोंढ्याच्या बाजारात धान्य मोजून देणारा मापाडी. भुजंगनं बटण दाबलं. प्रिंटर करकरला, चिठ्ठीवर शून्य उमटलं. संगणकवाले शून्यापासून मोजतात. भुजंगचा हातही तसाच वळलेला. त्यानं न बघताच चिठ्ठी फाडून दिली.

मागचा एक जण म्हणाला, "म्हातारबा, तुमाला तर भोपळा मिळाला की!"

"भोपळा न्हाई बाबा, लाभ हाय," आश्रुबा म्हणाला. "धान मोजताना पयल्या मापाला कुनी आकडा लावतंय का? लाभच म्हनायचं. मशिनीला बी रीत कळती बघ."

ऐंशी चिठ्ठ्या वाटून भुजंग यंत्रासह परभणीला परतला. नंबर पुकारायला माणिकराव गुरुजी बसले. ऐंशी जण आहेत, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्यांनी एकपासून सुरुवात केली.

"आवो, आपलं कवा?" झुंबरबाई अधूनमधून विचारी.

"लाभाला कोन इसरतंय? दम धर."

दिवस कलताना गुरुजींनी "ऐंशी!" म्हणून दोनदा हाक दिली. कुणी उठलं नाही. "कंटाळून गेला वाटतं," ते म्हणाले. डॉक्टरांना रेल्वे गाठायची होती. हत्यारं पेटीत गेली.

मी कपबशा गोळा करायला मांडवात आले, तर ही दोघं तिथंच. मी चिठ्ठीवरचं शून्य पाहिलं आणि धावत बाहेर गेले. डॉक्टरांची जीप निघून गेली होती.

"काका, दिवसभर विचारलं का नाही?"

"इचारायचं काय त्यात, बाई? पयलं माप व्हतं ते."

भुजंगनं त्यांना नांदेडला नेलं. तोवर डोळा गेला होता.

माणिकराव गुरुजी दोन वर्षांनी वारले. ऐंशी नंबर कुणाला दिलाच नव्हता, ऐंशीवा माणूस शून्याची चिठ्ठी घेऊन बसला होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. भुजंगनं क्लास मोडला. पुण्यात त्यानं नोकरीत जन्म काढला, पण शून्य लिहिताना अजून हात अडखळतो, म्हणतो. झुंबरबाई चाचपडत भाकरी थापायची. एका उन्हाळ्यात ती गेली. आश्रुबा मात्र त्या शिबिरानंतर पहिलं माप टाकताना "एक" म्हणू लागला. व्यापाऱ्यांना तो अपशकुन वाटला. त्यांनी समजावलं, मग दटावलं, शेवटी त्याच्या हातातलं माप काढून घेतलं.

तो लाभ म्हणाला नाही.