क्रेनला लागलेली तहान

मित्रांनो, मी हातखंब्याच्या तिठ्यावर उभी असणारी एक जुनी क्रेन आहे. बंद पडलेल्या, कलंडलेल्या गाड्या टोचन करून ओढून नेणे हे माझे काम. आधी मी साधा मालट्रक होते. पुढे सावर्ड्याच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या पाठीवर लोखंडी हात आणि तारेचा दोर बसवला आणि मला पिवळा रंग दिला. माझे मालक रावजी. तेच मला चालवतात. पहिल्या दिवशी बोनेटवर हात ठेवून ते म्हणाले होते, "आता कुणाचाही फोन आला तरी नाय म्हणायचं नाय."

आम्ही कोणाला नाही म्हटले नाही. चिखलात रुतलेली एसटी मी बाहेर काढली तेव्हा प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने तर मला हात जोडले. ते दिवस चांगले होते.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, बावनदीचा पूल ओलांडून निवळीकडे चढताना एक टेम्पो वळण चुकला आणि खाली झाडीत गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा लोकांनी चालकाला वर आणून सावलीत निजवले होते. तो मंडणगडचा केरू. रावजी त्याच्याजवळ बसले.

"दादा, पाणी दे रे," केरू म्हणाला.

माझ्या रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा कॅन रावजींनी उचलला. तेवढ्यात गर्दीतून कोणी ओरडले, "पाणी देऊ नका, पोटाला मार हाय!" रावजींनी कॅन खाली ठेवला. केरूने आणखी दोनदा पाणी मागितले. मग मागितले नाही. अँब्युलन्स आली तोवर तो गेला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी एक भरलेला ट्रक ओढत आम्ही त्याच चढाला लागलो. नेमक्या त्या वळणावर माझा तापमानाचा काटा लालवर गेला आणि बोनेटखालून वाफ निघाली. रावजी खाली उतरले. समोरची झाडी बघून जागीच थिजले.

पुढच्या खेपेला तेच झाले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. रिकामी चढले तर मी कधी तापत नसे. सपाट रस्त्यावर कितीही ओझे ओढले तरी तापत नसे. मागे गाडी जोडलेली असली की त्या वळणावर मला पाणी लागायचेच. एका मेकॅनिकने रेडिएटर धुतला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, तिसऱ्याने फॅनचा पट्टा. काही उपयोग झाला नाही.

मग रावजींनी विचारणे सोडले. ते वळणावर थांबत, मी निवले की कॅन ओतत आणि हळूच म्हणत, "घे रे बाबा, पी."

मला माहीत होते माझा घसा कुठे आवळतो. पण यंत्राला बोलता येत नाही. आणि खरे सांगू का, हळूहळू मलाही वाटू लागले की पाणी मी मागत नाही. माझ्या तोंडून दुसराच कोणी मागतो आहे.

यंदा दिवाळीनंतर मी चिऱ्यांनी भरलेला ट्रक ओढत होते. वळणावर वाफ सुटली. त्या दिवशी रावजींना धीर धरवला नाही. मी निवायची वाट न बघता त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी उसळून त्यांच्या हातावर आले. ते कळवळून बाजूला पडले आणि मागच्या ओझ्याने मी उतारावर सरकू लागले. ट्रकच्या चालकाने उडी मारून चाकांमागे चिरे टाकले, म्हणून आम्ही वाचलो.

घरी रावजींच्या पत्नी हौसाबाई म्हणाल्या, "ती क्रेन आता भंगारात घाला. नायतर एक दिवस तुम्हाला घेऊन जायची."

भंगारात घालण्याआधी रावजींनी मला सावर्ड्याला नेले. माझ्यावर लोखंडी हात बसवणारे मिस्त्री आता थकले होते. वर्कशॉप त्यांची मुलगी मृणाली चालवत होती. तिने रावजींच्या हाताची पट्टी बघितली आणि सगळे विचारून घेतले.

"काका, ती वळणावर तापत नाय," ती म्हणाली. "एवढा लांब चढ तुमच्या वाटेवर दुसरा नाय, ती पुलापासनंच तापायला लागते. वळणापर्यंत येईस्तोवर काटा वर पोचतो. आधी कुणी चालू इंजिनात बघितलं का?"

"चालू? नाय. सगळ्यांनी बंद करूनच बघितलं."

तिने मला चांगले गरम होऊ दिले. मग बोनेट उघडून म्हणाली, "आता रेस द्या. अजून द्या. धरून ठेवा!" आणि तिने खालच्या रबरी पाईपकडे बोट दाखवले. इंजिन जोरात पाणी ओढत होते आणि तो पाईप चिमटल्यासारखा चपटा झाला होता. रेस सोडताच तो पुन्हा गोल झाला.

"ह्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेलीय. चढावर जोर लागला की पाईप मिटतो, पाणी फिरतच नाय. थांबवून बघितलं तर दिसणार कसं?"

नवा पाईप बसला. दुसऱ्या दिवशी मागे एक टँकर जोडून आम्ही निवळीचा चढ चढलो. वळण आले. काटा मध्यावरच राहिला. वळण मागे पडले.

वर पोहोचल्यावर रावजींनी मला बाजूला घेतले. स्टिअरिंगवर डोके टेकले. मग म्हणाले, "मग इतकी वर्षं मी पाणी पाजलं कुणाला?"

त्याच आठवड्यात ते मला घेऊन मंडणगडला गेले. केरूची बायको सखू अंगणात भात वाळवत होती. रावजींनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. "वयनी, तो तीनदा पाणी मागत होता. मी दिलं नाय."

सखू खाली बसली. मी कुंपणाबाहेर होते, तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"तुम्ही तिथं होतात?"

"होतो. शेवटपर्यंत. त्याचा हात माझ्या हातात होता."

"मला सगळ्यांनी सांगितलं, तो झाडीत एकटा पडला होता," ती म्हणाली. "तीन वर्षं मला तेच दिसतंय, भाऊ. तुम्ही आधी का नाय आलात?"

तिने त्यांना ओटीवर बसवले आणि संध्याकाळपर्यंत त्या दुपारचे एकेक विचारत राहिली. त्याने डोळे मिटले होते का. तिचे नाव घेतले का.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला बोलता येत नाही. आम्हाला काय होते ते ओझे ओढताना, आम्ही चालू असतानाच बघा. गरम झाकणाला हात लावू नका. आणि तुम्हाला तर बोलता येते. कोणाच्या घरी सांगायचे काही राहिले असेल, तर तीन वर्षे थांबू नका.