सुतकात आलेली मॅच

आमच्या जिल्ह्यात फुटबॉलची लीग आहे, हे भंडाऱ्यातल्याही पुष्कळ लोकांना माहीत नाही. तिचे तीन गट आहेत. आमची एकोडीची टीम क गटात, म्हणजे तळाला. त्याच्या खाली काही नाही. दरवर्षी क गटात पहिली येणारी एकच टीम ब गटात चढते.

माझी बायको रेवता हिला फुटबॉल कळत नव्हता, पण हा नियम तिला पाठ होता. आम्ही ढिवर. मी तलावात मासे धरायचो, ती बाजारात विकायची. क गटाच्या सगळ्या मॅच लाखांदूरच्या मैदानावर होतात आणि त्या रविवारी असतात. रविवारी साकोलीचा बाजार. त्यामुळे आमचा मुलगा मिथुन गोलात उभा राहतो हे तिला ऐकूनच माहीत होतं. ब गटात गेलं की निम्म्या मॅच आपल्या गावात होतात.

"एकडाव मॅच गावात येऊ द्या," ती म्हणायची. "बाजारातून येता येता पाहीन."

ब गटाच्या मैदानावर गोलला जाळी लागते. टीम पुढे जाईल असं दिसायला लागलं तशी तिने नायलॉनची दोरी आणून जाळी विणायला घेतली. शेजारची लीलाबाई हसायची.

"वो रेवता, एवढ्या मोठ्या भोकाच्या जाळ्यात कोनता मासा येईन? याच्यातून तं डुक्कर निंगून जाईन."

"मासा नाई वो, बॉल धराचा हाय. माह्या पोट्ट्याच्या हातून सुटला तं."

एक जाळी पूर्ण झाली. दुसरी अर्धी झाली.

टीममध्ये आमच्या भावकीचेच पोट्टे जास्त होते. हेही तिचंच म्हणणं होतं. आधीच्या वर्षी गावातली दुसरी पोरं घेतली होती, ती ऐन मॅचच्या वेळी कामासाठी नागपूरला निघून गेली. "आपलेच पोट्टे टाका," ती म्हणाली, "घरचा पोट्टा हाक मारली का येते." मलाही पटलं, सगळ्यांना पटलं. टीमचं काम मी पाहायचो, मी पंधरा नावं दिली, त्यातली अकरा भावकीची. बाकीचे चार बाहेरचे. त्यात बौद्ध मोहल्ल्यातला अश्विन आणि त्याचा भाऊ. एकदा हंगाम सुरू झाला की नवीन नाव घालता येत नाही.

शेवटची मॅच आंधळगावशी होती. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. आंधळगावला जिंकावंच लागणार होतं.

त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी रेवता म्हणाली, डोकं फार दुखते. साकोलीच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी भंडाऱ्याला न्या म्हटलं. गाडी भंडाऱ्याला पोचायच्या आधीच ती गेली. माझा हात धरला होता तिने, तो सैल झाला. मला वाटलं झोप लागली.

आम्हाला दहा दिवसांचं सुतक. फक्त घराला नाही, सगळ्या भावकीला. रविवार त्याच्या आत येत होता.

गुरुवारी मी मिथुनच्या मोबाइलवरून लीगच्या सचिवांना फोन लावला.

"कोण वारलं?" त्यांनी विचारलं.

"बायको माझी. गोलकीपरची आई."

"फार वाईट झालं. मग गोलात दुसरा कोणी उभा करा."

"साहेब, अकरा पोरं सुतकात आहेत."

"अकराही जणांची आई वारली का?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच समजत नव्हतं. मग म्हणालो, "एकाची आई. बाकीच्यांची काकू, कोणाची आजी."

"नियमात सुतक नाही, धनीरामजी. पूर आला, दंगल झाली, तर मॅच पुढे ढकलता येते. तुम्ही असं करा, सात पोरं आणा. सात असले की मॅच सुरू होते."

चार होते. तीन कमी.

शनिवारी सकाळी भावकी आमच्या अंगणात बसली होती. माझे मोठे भाऊ गोमाजी भिंतीला टेकून होते. समाजात त्यांचा शब्द चालतो. मी विषय काढला. म्हणालो, "दादा, तीनच पोट्टे पाह्यजेत. बरोबरी झाली तरी होते. तिची लय इच्छा होती."

"मले मालूम नाई का तिची इच्छा?" गोमाजी म्हणाले. "माह्याजवळ बी बोलली होती. पन दहाव्या दिवसाच्या आत पोट्टे खेळाले गेले, तं तेरवीले समाज येईन का? कोनी पान घेईन का? मले सांग, तिच्या तेरवीचं कोनी जेवलं नाई तं ती कुठं जाईन?"

मी त्या गोष्टी मानतो. तिचं काही अडकून राहावं, असं मला कसं चालेल?

"तिले काय पाह्यजे होतं ते तूच जास्त जानतं," गोमाजी म्हणाले. "नेतं तं ने तीन. पन तू नाव घे. कोनते तीन?"

पोट्टे समोरच बसले होते. सगळे खाली पाहत होते. ज्याचं नाव घेईन, त्याच्या घरावर समाजाचा राग जाणार. त्याच्या घरच्या लग्नकार्यात कोणी येणार नाही. मी एकेकाकडे पाहिलं. मला नाव घेता आलं नाही.

छोटू, गोमाजींचाच नातू, तो मला म्हणाला, "आबा, तुमी सांगान तं मी येतो."

दाराआडून त्याच्या आईचा आवाज आला. "छोटू, घरात ये."

तो थोडा वेळ बसून राहिला. मग उठून गेला.

"राहू द्या ना बाबा," मिथुन घरातून म्हणाला. चिता त्यानेच पेटवली होती. त्याला तर उंबरठाही ओलांडता येत नव्हता. "काहून त्याहिले तोंडावर पाडता?"

लीलाबाईने डब्यातून पाठवलेला वरण-भात आम्ही जेवलो.

रविवारी सकाळी अश्विन दारात उभा. अंगात टीमची निळी जर्सी. मागे बाकीचे तिघे.

"काका, आमी चौघं जाऊन राहिलो लाखांदूरले."

"चौघांनं काय होते, बाबू?"

"होत तं काहीच नाई. पन एकोडीची टीम आलीच नाई असं तं लिहिता येनार नाई."

बसा म्हणालो.

"चहा पाजा," अश्विन म्हणाला. "आमाले सुतक-बितक लागत नाई. आमच्या घरी सांगू, काकाच्या इथं चहा पिऊन निंघालो."

ती गेल्यापासून आमच्या घरी बाहेरच्या कोणी पाणीही घेतलं नव्हतं. मी चूल पेटवली. चहा मला नीट येत नाही, साखर जास्त झाली. चौघांनी पूर्ण कप संपवले. मिथुन आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. अश्विनने त्याला हाक मारली, "कीपर, ग्लोव्ज दे तुये. गोलात ठेवतो." मिथुनने ग्लोव्ज जमिनीवर ठेवून पुढे सरकवले.

ते एसटीने गेले. मी दिवसभर अंगणात होतो. मॅचची वेळ झाली तेव्हा मला कळलं, कारण मिथुन उठून बसला.

संध्याकाळी अश्विन परत आला. त्याची जर्सी सकाळी होती तशीच होती, मातीचा डागसुद्धा नव्हता.

"लाइनमंदी उभे राहिलो, काका. समोर आंधळगावचे अकरा. रेफरीनं घडी पाह्यली, आमाले मोजलं, मंग पुन्हा मोजलं. आनखी कोनी येऊन राहिले का म्हने. मी म्हटलं, नाई येत. थोडा वेळ थांबला बिचारा. मंग शिट्टी मारली. न खेळताच त्याहिच्या नावावर तीन-शून्य लिहिलं."

"आंधळगाववाले नाचले असतील."

"फटाके आनले होते त्याहिनं. एक लड लावली. मंग आमाले कोनी इचारलं, तुमचे बाकीचे कुठं हायेत? मी सांगतलं. तं त्याहिनं बाकीची लड पायानं विझवली."

त्याने ग्लोव्ज मिथुनजवळ ठेवले. मिथुनने विचारलं, "गोलात ठेवले होते?"

"ठेवले होते."

तेरवीला सगळा समाज आला. गोमाजी स्वतः वाढत होते. कोणी पान नाकारलं नाही, सगळे पोटभर जेवले. तेवढं तिचं व्यवस्थित झालं.

पंगत उठत आली तेव्हा मोटरसायकलवरून दोघे जण आले. आंधळगावचा कॅप्टन गोलू आणि त्यांच्या टीमचा एक म्हातारा कार्यकर्ता. आम्ही त्यांनाही जेवायला बसवलं. गोलू खाली मान घालून जेवला. हात धुतल्यावर माझ्याजवळ आला, पण बोलेना. म्हातारा म्हणाला, "सांग ना, कायले लाजतं?"

"काका," गोलू म्हणाला, "आमी ब गटात गेलो. आता मॅच आमच्या गावात होतीन. मैदानाले जाळी लागते म्हनतात. तुमच्या घरी विनलेल्या हायेत असं लाखांदूरले ऐकलं. तुमच्या कामाच्या नसन तं... पैसे देऊ आमी."

मला राग यायला पाहिजे होता. मिथुनला आला, तो उठून मागच्या दाराने गेला. पण नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही. जाळी माशांच्या कामाची नव्हती. आमच्या गावात मॅच येणार नव्हती. आणि त्या पोराने काय वाईट केलं होतं?

"पैसे नको," मी म्हणालो. "एक पूर्ण हाय. दुसरी अर्धीच हाय."

"अर्धी आमी करून घेऊ."

"तुमाले नाई जमत. मी करून देतो. पुढच्या आठवड्यात या."

गोलू माझ्या पाया पडला. जाता जाता म्हणाला, "पहिल्या मॅचले तुमी नक्की या, काका. रविवारीच राहीन."

ते गेल्यावर मी माळ्यावरून अर्धी जाळी काढली. तिने विणायची सुई दोरीतच अडकवून ठेवली होती. मी अंगणात बसलो आणि शेवटच्या गाठीपासून पुढे विणायला लागलो. लीलाबाई भांडी घासत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भांडी घासायला लागली.