मुकी पट्टी

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल रविवारी सकाळी इतका भरायचा की जिन्यातसुद्धा माणसं उभी राहायची. पुढे मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या आया, मागे काठी टेकत आलेले म्हातारे, आणि प्रत्येकाच्या हातात औषधाच्या दुकानातून आणलेली एक डबी. डबीत कागदी पट्ट्या. पट्टी लघवीत बुडवायची. साखर असली तर टोकावरचा पिवळा चौकोन हिरवट होतो, जास्त असली तर तपकिरी. घरच्या घरी रक्त तपासायची यंत्रं तेव्हा आली नव्हती. मधुमेह असलेल्या घराचा सगळा भरवसा त्या चौकोनावर असायचा.

मंचावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक गोलमटोल माणूस बसलेला असे. लोक त्याला साखरबाबा म्हणत. शेजारी शेगडी, शेगडीवर पातेलं, पातेल्यात कसलीतरी पानं रटरटत असायची.

"डबी कोणाची?" साखरबाबा विचारायचा.

"आमची."

"सील कोणी फोडलं?"

"आम्हीच."

"आणि लघवी?" हॉल हसायचा. "मग यात माझं काय? मी नुसतं पाणी देतो. बोलते ती पट्टी. पट्टीला काय मी लाच दिली?"

आधी एक पट्टी सर्वांसमोर बुडवली जायची. ती तपकिरी व्हायची आणि हॉल हळहळायचा. मग रोग्याला पातेल्यातलं निववलेलं पाणी प्यायला मिळे. उरलेल्या पट्ट्या साखरबाबा पातळ फडक्यात बांधून पातेल्याच्या वाफेवर धरी, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे, वाळवून परत देई. "आता ही शुद्ध झाली. आता ही खोटं बोलणार नाही." थोड्या वेळाने रोगी आत मोरीत जाऊन त्यातलीच एक पट्टी लघवीत बुडवून बाहेर यायचा. पट्टी पिवळीधमक. बायका डोळे पुसायच्या.

मी गेले त्या रविवारी माझा दादा पुढच्या रांगेत होता. मांडीवर त्याची मुलगी. एका जागी दोन मिनिटं बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. चौथीत होती. वर्षभरापूर्वी मधुमेह निघाला, आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. दादाच ती टोचायचा, कारण वहिनी सुई हातात घ्यायलाच तयार नसे. बाजारातल्या जिन्याखाली त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. कोऱ्या किल्लीवर कानस चालवताना ज्याचा हात कधी हलला नाही, तो सुई टोचून झाली की मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहायचा.

मी दुसऱ्या गावी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. सुट्टीला आले होते म्हणून त्यांच्यासोबत गेले आणि नाक मुरडत मागे बसले. हॉलमधले माझ्यासारखे शहाणे सगळे पाण्याच्याच मागे लागलेले. कोणी ते हुंगलं, कोणी बाटलीत भरून तपासायला नेलं. मीही चाखून पाहिलं. गवताचा वास, चव कशाचीच नाही. घरी येताना दादाला म्हटलं, "हे पाणी पिऊन साखर जाणार असेल तर माझी नोकरी गेली म्हणून समज. इन्शुलिन हे प्रथिन आहे. ते शरीरात नसेल तर बाहेरूनच द्यावं लागतं, तेही सुईनं. तोंडानं दिलं तर पोट त्याचे तुकडे करून टाकतं. आणि या पाण्यात तर तेही नाही."

"भिंगरीची पट्टी पिवळी झाली ना पण? तू बघितलीस ना?"

बघितली होती. "सुई बंद करू नकोस," एवढं बजावून मी गावी परतले.

फोनवर विचारलं की दादा म्हणायचा, "पट्टी रोज पिवळी. सुई चालू आहे, काळजी करू नकोस." तो खोटं बोलत होता. साखरबाबानं सांगितलं होतं की पट्टी पिवळी आहे तोवर सुईची गरज नाही, आणि सुई बंद झाल्याच्या आनंदात भिंगरीनं अख्ख्या गल्लीला नाचून दाखवलं होतं. त्या नाचासमोर माझा फोन कुठे पुरा पडणार?

मग तिला तहान लागायला लागली. शाळेची बाटली रस्त्यातच संपायची. वहिनी म्हणाली, "अहो, ही फार पाणी पितेय. गालही बसलेत." दादानं पट्टी बुडवून दाखवली. पिवळी. साखरबाबा म्हणाला, "रोग पाण्यावाटे बाहेर पडतोय, पडू द्या." मग उलट्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी श्वास असा खोल खोल चालायला लागला की वहिनीनं कोणाला न विचारता रिक्षा बोलावली.

मी दुपारी इस्पितळात पोचले. भिंगरी पलंगावर निपचित पडली होती. सलाइन, इन्शुलिन, नळ्या. इतकी स्थिर मी तिला कधी पाहिली नव्हती. डॉक्टर बाई होत्या, थकलेल्या. म्हणाल्या, "साखर मोजण्यापलीकडे गेलीय. सुई कधी बंद केलीत?"

दादा ती डबी मुठीत धरून उभा होता. "तुमचीच तपासणी चुकतेय. सकाळी पिवळी होती. मी स्वतः बघितली. रोज बघितली."

मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्याच्या हातातून डबी घेतली, नर्सकडून इस्पितळाची एक पट्टी मागितली, आणि दोन्ही भिंगरीच्या लघवीच्या एकाच नमुन्यात एकदम बुडवल्या. इस्पितळाची पट्टी बघता बघता काळपट तपकिरी झाली. दादाची पिवळीच राहिली.

"या पट्ट्यांना काय केलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाफ," वहिनी म्हणाली. "वाफ दिली होती त्यांनी."

मग मला दिसलं. सगळं जग त्या पाण्याकडे बघत होतं आणि तो माणूस पट्ट्या शिजवत होता.

दादा एकाच गोष्टीला चिकटून होता. "डबी माझी होती. सील मीच फोडलं. मग?" त्याला बाहेर बाकावर बसवून मी सांगितलं. या चौकोनात एक प्रथिन लावलेलं असतं. प्रथिन म्हणजे छोट्या कणांची लांबच लांब माळ, पण माळ नुसती लोंबत नाही. ती ठरावीक पद्धतीनं घडी पडून बसते आणि तिला एक आकार येतो. त्या आकारात एक खाच असते. लघवीतली साखर म्हणजे ग्लुकोज; ते त्या खाचेत नेमकं बसतं, मग पुढची क्रिया होते आणि रंग बदलतो. वाफेची ओल आणि उष्णता लागली की घड्या सुटतात. माळ तीच, कण तेच, पण खाच मोडते. ग्लुकोज शेजारून गेलं तरी प्रथिनाला कळत नाही. उकडलेलं अंडं थंड केलं म्हणून पुन्हा कच्चं होत नाही, तशी ही पट्टीही पुन्हा शहाणी होत नाही.

त्यानं खिशातून दुकानाची किल्ली काढून तिच्या दातांवरून अंगठा फिरवला. "म्हणजे दात गेलेली किल्ली," तो म्हणाला. "पितळ तेच, वजन तेच. कुलपात जाते, फिरत नाही."

"हो."

"आणि मी रोज ती फिरवत बसलो. फिरत नाही म्हणून खूश होत होतो."

तेव्हा माझा राग गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. भिंगरी एकदा शुद्धीवर आली. "आत्या, पाणी," म्हणाली. मी तिचे ओठ ओल्या कापसानं पुसले. पुढे मेंदूला सूज आली. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी, बाहेर शाळा सुटल्याचा गलबला चालू असताना, ती गेली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी दादा म्हणाला, "हॉलवर येतेस?" मला वाटलं हा बाबाला मारणार. त्यानं फक्त दोन डब्या घेतल्या: एक नवी, सील न फोडलेली, आणि दुसरी ती, भिंगरीची. "तुझ्या त्या खाचेत घरची साखर बसते का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, ग्लुकोजच लागतं. मग त्यानं औषधाच्या दुकानातून ग्लुकोजचा पुडा घेतला.

हॉल तसाच भरलेला. दादा मंचापाशी गेला आणि पाण्याच्या ग्लासात पुडा रिकामा करून ढवळू लागला. साखरबाबानं त्याला ओळखलं. "या दादा. मुलीचं कळलं. तिचं आयुष्य तेवढंच होतं हो. दुःखी माणसाच्या हातात पट्टीही रुसते, तेव्हा आज तुम्ही..."

"माझ्या हातात नको," दादा म्हणाला. त्यानं रांगेतल्या एका बाईला पुढे बोलावलं. तिच्या कडेवर हडकुळा मुलगा होता. "बाई, हे पाणी चाखा."

तिनं चाखलं. "गोड आहे."

"आता नव्या डबीचं सील तुम्हीच फोडा. बुडवा." पट्टी तपकिरी झाली. "आता ही बाबांनी शुद्ध केलेली."

ती पिवळी राहिली. बाईनं पुन्हा बुडवली. पुन्हा पिवळी.

"ही पट्टी म्हणते या ग्लासात साखर नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, मागच्यांना ऐकायला पुढे सरकावं लागत होतं. "रोग गेलेला नाही. वाफेनं पट्टी मेलीय. माझी मुलगी पाणी पाणी करत होती आणि मी तिच्याकडे न बघता हिच्याकडे बघत होतो."

साखरबाबा श्रद्धेबद्दल बोलायला लागला. चार-दोन माणसं त्याच्या बाजूनं उठलीही. एकानं दादाला ढकललं. मला नाही वाटत साखरबाबाला प्रथिन वगैरे ठाऊक होतं. वाफ दिली की पट्टी मुकी होते, एवढं त्याला कुठूनतरी कळलं होतं आणि तेवढं त्याच्या धंद्याला पुरत होतं. पण ती बाई तोवर स्वतःच्या पिशवीतली डबी काढून तिच्याकडे बघत होती. मग तिनं मुलाच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं.

"भाऊ, याची सुई बंद केलीय मी," ती म्हणाली. "आता काय करू?"

"दवाखान्यात न्या. आत्ता. मी येतो बरोबर."

आम्ही तिघं जिना उतरलो. मागून आणखी काही पावलं वाजली. किती ते मी वळून पाहिलं नाही. त्या बाईचा मुलगा वाचला. दुसऱ्या महिन्यात हॉलला कुलूप लागलं, साखरबाबा दुसरीकडे गेला. तिथेही त्याला शेगडी आणि पातेलं मिळालंच असेल.

दर वर्षी प्रथिनांचा धडा आला की मी वर्गात एक पट्टी वाफेवर धरते आणि ग्लुकोजच्या पाण्यात बुडवते. मुलं वहीत लिहून घेतात: आकार गेला की काम गेलं. त्यांना मी आणखी एक सांगते, तेच तुम्हालाही सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर तो ज्यानं मोजला ते माप आधी तपासा, आणि ते कोणाच्या हातून आलं ते विचारा. आणि घरातलं लेकरू पुन्हा पुन्हा पाणी मागत असेल, तर पट्टी काहीही म्हणो, लेकराचं ऐका.